दोन मैल मागे

तिसऱ्या सफरीच्या कागदी गुंडाळ्यांवर समुद्रतळाची प्रत्येक खूण तिच्या खऱ्या जागेपासून दोन सागरी मैल मागे पडलेली आहे. जहाज पश्चिमेला जात असेल तर खूण पूर्वेला सरकलेली दिसते. जहाज उलट फिरले की तीच खूण पश्चिमेला सरकते. याच गुंडाळ्यांवरून काढलेल्या नकाशात मात्र एकही खूण सरकलेली नाही.

मुलीला हे शुक्रवारी दिसले. रविवारी दुपारपर्यंत तिने ते कोणालाही सांगितले नाही.

रविवारी दुपारी तिने आईच्या जेवणाच्या टेबलावरची फुलदाणी आणि औषधांचा डबा उचलून खिडकीत ठेवला आणि तिथे एक गुंडाळी उलगडली. कागद त्रेचाळीस वर्षांचा, कडांना तपकिरी झालेला. खोलीमापक यंत्राची सुई त्यावर तळाची रेघ जाळत गेली होती: सपाट, सपाट, मग चढ, मग मध्येच खोल उतरलेली एक दरी. दर पाच मिनिटांनी एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर पेन्सिलने लिहिलेली वेळ. अक्षर तिच्या आईचे, दोघी बहिणींतल्या थोरलीचे. समुद्रावर संशोधनासाठी गेलेली या देशातली पहिली बाई म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती थोरली टेबलाच्या त्या टोकाला बसून चष्मा पुसत होती. तिला एकोणऐंशी पूर्ण झाली होती आणि अजूनही समोर कागद ठेवल्याशिवाय ती कोणाचे म्हणणे ऐकत नसे.

धाकटी बहीण दाराजवळच्या खुर्चीवर होती, पर्स मांडीवर धरून. या घरात ती पावणेदोन वर्षांनी येत होती. थोरलीच्या गौरवाच्या पुस्तिकेत धाकटीचा उल्लेख ‘नकाशाच्या प्रती काढणाऱ्या मदतनीस’ असा छापून आला, त्यानंतर ती आली नव्हती. भाचीने बोलावले म्हणून आली. कशासाठी, हे भाचीने सांगितले नव्हते.

थोरलीचे पती, मुलीचे वडील, चहा करत होते. परिवहन कचेरीत बसगाड्यांची वेळापत्रके आखण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून घरात त्यांना वेळापत्रकवाले म्हणत. निवृत्त होऊन पंचवीस वर्षे झाली तरी ते चहा घड्याळ लावून उकळत.

“उद्या अकराला नामकरण समितीला माझी सही हवी आहे,” मुलगी म्हणाली. “मूळ नोंदी आणि नकाशा एकमेकांशी जुळतात, अशी. ती सही झाली की या दरीला आईचं नाव मिळेल.”

“मग कर की,” थोरली म्हणाली. “सही करायला एवढी माणसं कशाला जमवलीस?”

“जुळत नाहीत.”

थोरलीने चष्मा डोळ्यांवर चढवला. “दाखव.”

मुलीने लॅपटॉप पुढे ओढून दाखवले. एकामागून एक आठ फेऱ्या, चार जाण्याच्या, चार येण्याच्या. गुंडाळीवरची वेळ घ्यायची, त्या वेळी जहाज कुठे होते ते कप्तानाच्या नोंदवहीत पाहायचे आणि त्या जागी दरी मांडायची. अशी मांडली की दरी सरळ येत नव्हती. करवतीच्या दात्यांसारखी येत होती: एक फेरी पूर्वेला, एक पश्चिमेला.

थोरलीने बोटाने दाते मोजले, पुन्हा मोजले. “नोंदी चुकीच्या,” ती म्हणाली, “आणि नकाशा बरोबर.”

“आणि त्याच वर्षी तिथून आणखी एक जहाज गेलं होतं. परक्यांचं. त्यांचा नकाशा आपल्याआधी चार महिने छापला गेला. समिती याचा काय अर्थ लावेल, आई?”

“मी त्यांचा चोरला.”

“तसं लिहिणार नाहीत. ‘स्रोत अनिश्चित’ असं लिहितील.”

“ते जास्त वाईट. चोराला निदान आपण काय उचललं ते तरी ठाऊक असतं.” तिने गुंडाळीवरून हात काढला नाही. “तुला कधी कळलं?”

“शुक्रवारी.”

“आज रविवार.”

मुलीने उत्तर देण्याआधी खिडकीतली फुलदाणी विनाकारण थोडी सरकवली. एकोणीस वर्षे ती त्याच संस्थेत होती. तिचे स्वतःचे बावीस शोधनिबंध होते, आणि अजूनही नव्या माणसाशी ओळख करून देताना लोक ‘बाईंची मुलगी’ म्हणत. तेविसावा लिहिला तरी म्हणतील, असा तिचा हिशेब होता. शुक्रवारी पडद्यावर ते दाते उमटले तेव्हा पहिल्यांदा तिला काय वाटले, हे तिने प्रामाणिकपणे मनात नोंदवून ठेवले होते.

“मला बरं वाटलं,” ती म्हणाली. “म्हणून थांबले.”

“किती वेळ बरं वाटलं?”

“शुक्रवारची संध्याकाळ. शनिवारी अर्धा दिवस.”

“कमी आहे,” थोरली म्हणाली. “मी तुझ्या जागी असते तर आठवडाभर पुरवलं असतं.”

वेळापत्रकवाले चहाचे कप घेऊन आले. धाकटीने कप घेतला आणि तो ठेवायला टेबलावर जागा नाही म्हणून हातातच धरला.

“मावशी,” मुलगी म्हणाली, “तुला बोलावलं ते याच्यासाठी.” तिने नळीतून नकाशाचा मूळ पारदर्शक कागद काढला आणि उलटा केला. खालच्या कोपऱ्यात, शाईच्या रेघांच्या मागच्या बाजूला, पेन्सिलने बारीक लिहिले होते: +१२. “हा एकचा आकडा तुझा आहे. असा आकडीचा एक या घरात दुसरं कोणी काढत नाही.”

धाकटीने पाहिले. आपला आकडा इतका चांगला टिकला आहे याचे तिला थोडे आश्चर्य वाटले. पेन्सिल चांगल्या प्रतीची होती, सरकारी नव्हती.

“माझाच आहे,” ती म्हणाली.

नकाशाच्या खोलीत तेव्हा बावीस मेजे होती, खाली दिवा आणि वर दुधी काच असलेली, आणि बाविसाव्यावर धाकटी बसे. दोघी बहिणी एकाच वर्षी एकच परीक्षा पास झालेल्या. धाकटीला चार गुण जास्त. पण जहाजावर बायकांसाठी खाट एकच होती, आणि अर्ज थोरलीने आधी केला होता. थोरली निघताना पाच वर्षांची भाची धाकटीच्या घरी सोडून जाई आणि परत आली की गुंडाळ्या तिच्या मेजावर सोडून जाई. दोन्हींचा सांभाळ धाकटीने केला. तिसऱ्या सफरीच्या गुंडाळ्यांतून जेव्हा करवत निघाली तेव्हा पहिले पंधरा दिवस तिने स्वतःलाच दोष दिला. मग एका दुपारी तिने सगळ्या वेळा पाच मिनिटांनी पुढे सरकवून पाहिल्या. दाते बारीक झाले. दहा मिनिटांनी आणखी बारीक. बारा मिनिटांनी दरी सुताने आखल्यासारखी सरळ झाली. ती मेजावरून उठली, हात धुऊन आली आणि पुन्हा पाहिले. सरळच होती.

“तुझं घड्याळ बारा मिनिटं मागे होतं, ताई. मी बारा मिळवली.”

“तू माझ्या नोंदी बदलल्यास.”

“नोंदींना हात लावला नाही. नकाशा बरोबर काढला.”

“मला न विचारता.”

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ‘माझ्या लक्षात आलंच होतं, तुला सांगायचं राहिलं.’”

वेळापत्रकवाल्यांना हसू आले. बायकोने पाहताच त्यांनी ते चहात बुडवले.

“न विचारायचं एक वेळ समजू,” थोरली म्हणाली. “न सांगायचं कारण काय? त्रेचाळीस वर्षं?”

धाकटीने कप शेवटी जमिनीवर ठेवला. “सगळे म्हणायचे, तुझी बहीण चुकत नाही. आपले आईवडील म्हणायचे, मेजांवरची बाकी एकवीस माणसं म्हणायची. तू चुकलीस हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. तेवढं एक माझं होतं. सांगितलं असतं तर तेही तुझं झालं असतं. ‘बाईंचा मोठेपणा पाहा, स्वतःची चूक स्वतः जाहीर केली.’ लेखही आला असता त्याच्यावर.”

“आला असता,” थोरली म्हणाली. “चांगला आला असता.”

“बघ.”

“मावशी, एवढं पुरत नाही,” मुलगी म्हणाली. “समिती विचारणार, बाराच का? कारण नसलेली दुरुस्ती म्हणजे बनवाबनवी. उत्तर आधी ठाऊक असेल तर बारा काय, साडेतेरासुद्धा मिळवता येतात. परक्यांचा नकाशा समोर ठेवून आकडा शोधला, असं म्हणतील.”

“मी तो नकाशा पाहिलाच नव्हता.”

“हे तू म्हणतेस.”

धाकटीने पर्स पुन्हा मांडीवर घेतली. वेळापत्रकवाले म्हणाले, “तिला कशाला छळतेस? ती खोटं बोलत नाही.”

“बाबा, तुम्हाला कसं ठाऊक?”

“आकडा बरोबर आहे, एवढंच म्हणतोय मी.”

ही गोष्ट ते फार लवकर बोलले होते. थोरलीने नवऱ्याकडे पाहिले, पण तिचे लक्ष दुसरीकडे होते. ती उठून कपाटापाशी गेली आणि एक लांबट वही घेऊन आली.

“घड्याळ मागे असणं शक्य नाही,” ती म्हणाली. “मी ते रोज रेडिओच्या ठोक्यावर तपासत होते. हे बघ. दोन सेकंद पुढे. तीन सेकंद पुढे. दुरुस्त केलं. एक सेकंद मागे. एकाहत्तर दिवस, एकही दिवस चुकलेला नाही.”

मुलीने पाने उलटली. स्तंभ अतिशय नीटनेटका होता. “सगळे सेकंद आहेत,” ती म्हणाली. “मिनिटं कुठं आहेत?”

“मिनिटं कशाला? ठोका दर मिनिटाला पडतो. पडला की सेकंदकाटा बारावर आहे का, ते पाहायचं.”

“कुठलं मिनिट, ते ठोका सांगतो?”

थोरली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. यंत्राच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ त्या सफरीत दुरुस्तीला दिले होते. जहाजावरची जेवणाची, झोपेची घड्याळे जागा बदलेल तशी अर्ध्या अर्ध्या तासाने बदलत. नोंदीची वेळ मात्र बंदराचीच ठेवायची, म्हणून ती तिच्या मनगटी घड्याळात होती आणि दुसऱ्या कोणाशी ताडून पाहण्याचे कधी कारण पडले नाही. काट्याने मिनिट दाखवले, ते तिने खरे मानले. सेकंदावर संशय घेणे हे तिचे शिक्षण होते. मिनिटावर संशय घ्यायला तिला कोणी शिकवले नव्हते.

“नाही,” ती म्हणाली. “सांगत नाही.”

धाकटीने या क्षणाची त्रेचाळीस वर्षे वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा तिला बहिणीच्या हातातली वही सरळ करून द्यावीशी वाटली. तिने ती दिली.

“कधीपासून मागे होतं ते कळलं तर जागा कळेल,” थोरली म्हणाली. आवाज आता कामाचा होता. “पहिल्या गुंडाळीपासून?”

“पहिल्या रेघेपासून.”

“म्हणजे जहाजावर मध्येच कुठं धक्का लागून बिघडलेलं नाही. निघतानाची माझी नोंद काढ. पहिलंच पान.”

मुलीने वाचले. “‘बस ९.०४ ला आली. वेळापत्रकात ९.०२, दोन मिनिटं म्हणजे वेळेवरच. यांना कळवायला हवं. जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला ९.४५.’”

“कप्तानाची वही?”

मुलीने पडद्यावर पान शोधले. हे पान तिने आधी पाहिले नव्हते. तिचे काम जहाज सुटल्यानंतर सुरू होत होते. “‘गोड्या पाण्याची नळी उशिरा जोडल्याने शिडी ९.५० ऐवजी ९.५८ ला उचलली. खोलीमापनाच्या बाई सर्वांत शेवटी, ९.५७ ला चढल्या.’”

“पंचेचाळीस आणि सत्तावन्न,” धाकटी म्हणाली.

“बारा,” थोरली म्हणाली. “घड्याळ शिडीवरच बारा मिनिटं मागे होतं.” तिचे डोळे क्षणभर चमकले, कोडे सुटू लागले की ते नेहमी चमकत, मग कोडे कोणाचेही असो. “परकं जहाज नाही, धाकटीचं मेज नाही. ते घरूनच तसं निघालं. आदल्या दिवशी कचेरीत बरोबर होतं, मी सहीच्या वहीत वेळ घातली होती. म्हणजे सकाळी—”

ती थांबली.

“बस,” ती नवऱ्याला म्हणाली, “त्या दिवशी चौदा मिनिटं उशिरा होती, नाही का?”

वेळापत्रकवाल्यांनी टेबलावरचे रिकामे कप एकात एक ठेवले. “टायर बसला होता,” ते म्हणाले. “चालकाने तो बदलला, पण आगाराला कळवलं नाही. मी त्याला लेखी समज दिली.”

“उशीर का झाला ते मी विचारलं नाही.”

“तू काय विचारतेस ते मला कळलं.”

ते बसले. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला बसायला वेळ लागतो, तेवढा लागला. त्या सफरीच्या आधी दोन वर्षे ते शेजाऱ्यांत, कचेरीत, मुलीच्या शाळेत एकच प्रश्न ऐकत होते: बाई आता कुठल्या समुद्रात? त्यांना कोणी कधी विचारले नाही की बंदराच्या रस्त्याची गर्दी त्यांनी कशी फोडली, किंवा एकशे चाळीस गाड्या एकमेकींना न अडवता सकाळी कशा सुटतात. बायको परत येई, तेव्हा घरात आठ दिवस समुद्रच चालू असे. कोणा पुरुषाचा संशय त्यांना कधीच आला नाही. आला असता तर त्यावर काही उपाय तरी होता.

“तू न्हाणीघरात होतीस,” ते म्हणाले. “मनगटी घड्याळ शेल्फावर होतं. त्याचा काटा मागे केला, मग भिंतीवरच्याचा. भिंतीवरचं तू फाटकाबाहेर पडल्यावर पुन्हा पुढे केलं.”

“बाराच का?”

“तू बस यायच्या तीन मिनिटं आधी थांब्यावर असतेस, म्हणजे चार हवीतच. गाडी पाच मिनिटं उशिरा येऊ शकते, ती पाच. घाईत असलीस की तू भरभर चालतेस, त्याची तीन. नऊ दोनची चुकली की पुढची नऊ चाळीसला. ती बंदरावर दहा अठराला. जहाज गेलेलं असतं.”

“आणि पुढच्या सफरीला?”

“त्याचा विचार केला नव्हता. एक चुकली असती तर तुझ्या जागी कोणी दुसरं गेलं असतं. मग तू घरी असतीस आणि बाकीच्यांसारखी असतीस. मला एवढंच हवं होतं. त्यापुढे माझं वेळापत्रक नव्हतं.”

मुलगी वडिलांकडे पाहत होती. शुक्रवारच्या संध्याकाळी तिला जे बरे वाटले होते, ते तिला आता ओळखू आले. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

“आणि एकाहत्तर दिवस?” थोरलीने विचारले. “तारेने कळवता आलं असतं.”

“काय कळवू? ‘घड्याळ तपास, मी फिरवलंय’? मला वाटलं, तुम्ही सेकंदाची माणसं, पहिल्या तासात कळेल. तू परत आलीस तेव्हा ते तसंच बारा मागे होतं. तू आंघोळीला गेलीस, मी बरोबर केलं. मग नकाशा छापून आला आणि सगळे म्हणाले, अचूक. म्हटलं, बारा मिनिटांनी काही बिघडत नाही.”

“बिघडलं होतं, भाऊजी,” धाकटी म्हणाली. “माझ्या मेजावर सहा आठवडे बिघडलं होतं.”

“मला ते ठाऊक नव्हतं.”

“ते फक्त मला ठाऊक होतं.” धाकटीने बहिणीकडे पाहिले. “आणि मला वाटत होतं, तू चुकलीस. एवढी वर्षं सांभाळलं ते, आणि ते तुझं नव्हतंच.”

“अर्धं माझं आहे,” थोरली म्हणाली. “मिनिटं मी पाहिली नाहीत.”

मुलीने कोरा कागद घेतला. “आई, मी असं लिहिते: ‘घड्याळातील स्थिर त्रुटी, बारा मिनिटे, कारण अज्ञात.’ शिडीच्या दोन वेळा पुरावा म्हणून जोडते. तेवढं पुरेल. बाबांचं नाव यायला नको.”

“लोक हसतील,” धाकटी म्हणाली. “राहू दे ताई. माझंही नको घालू.”

“लिहा,” वेळापत्रकवाले म्हणाले.

थोरलीने मुलीच्या हातातून कागद घेतला. नवऱ्याबद्दलचे वाक्य लिहिणे अवघड जाईल असे तिला वाटले होते. ते गेले नाही. त्या सकाळची बस, त्याचा चेहरा, फाटकाशी त्याने दिलेला डबा, सगळे त्या वाक्यात बसले. राग नंतर येईल, त्याला भरपूर दिवस होते. हात अडला तो पुढच्या वाक्याशी. तिच्या सफरी धाकटीला मिळाल्या नाहीत, हे तिला नेहमी ठाऊक होते आणि त्याने तिची झोप कधी उडाली नव्हती. मात्र मुलीने वाचलेले पहिले अक्षर धाकटीच्या घरी वाचले, ताप आला की हाक मावशीला मारली. आणि आता दरी, जी तिने सुईखाली पहिल्यांदा पाहिली होती, तीही सरळ झाली ती धाकटीच्या मेजावर. हे तिला सहन होत नव्हते. तिने पेन टोपण न लावता बाजूला ठेवले, पुन्हा उचलले.

“ ‘मदतनीस’ लिहिणार नाहीस ना?” धाकटीने विचारले.

“बहीण लिहिते.”

“हुद्दा?”

“नकाशाकार. आता बोलू नकोस, माझं वाक्य चुकेल.”

तिने लिहून संपवले, सही केली आणि वेळ घातली. घालण्याआधी भिंतीवरचे घड्याळ पाहिले, मग मनगटावरचे, मग मुलीच्या पडद्यावरचे. मग कागद मुलीपुढे सरकवला. मुलीने तो मोठ्याने वाचला.

“‘तिसऱ्या सफरीच्या नोंदी ज्या घड्याळावरून केल्या, ते बारा मिनिटे मागे होते. जहाज ताशी दहा सागरी मैलांनी चालत होते, म्हणून प्रत्येक खूण दोन मैल मागे पडली. निघण्याच्या दिवशी सकाळी माझी बस चुकावी या हेतूने ते घड्याळ माझ्या पतीने मागे केले. मी एकाहत्तर दिवस रोज त्याचे सेकंद तपासले. मिनिटे तपासली नाहीत. ही चूक नकाशाकार असलेल्या माझ्या बहिणीने त्याच वर्षी ओळखली, नकाशात बारा मिनिटे मिळवून दुरुस्त केली आणि कोणालाही सांगितली नाही. दरी नकाशात दाखवली आहे तिथेच आहे.’”